नानासाहेबांची तिसरी खिडकी

नानासाहेब जगदाळे कुठल्याही नव्या इमारतीत शिरले की आधी भिंत वाजवायचे. उजव्या हाताची बोटं दुमडून तीन वेळा टकटक करायचे, जरा थांबायचे, आणि पलीकडच्या खोलीत जो कोणी असेल त्याला विचारायचे, "ऐकू आलं?" पहिल्या दिवशी पलीकडच्या खोलीत मी होते. नवी नोकरी, नवा हुरूप. मी तिथूनच ओरडले, "आलं, आलं." पुढे काहीच झालं नाही. थोड्या वेळाने तेच दारात येऊन उभे राहिले. बारीक अंगाचे, पांढरा सदरा, खिशाला दोन पेन्सिली. चेहरा असा की मी काहीतरी फोडलं असावं.

"बाई, आलं म्हणू नका," ते म्हणाले. "उठून या."

"अहो, मी उभीच होते."

"मग चालून या. पण आलं म्हणून जागच्या जागी राहू नका."

म्हातारा जरा सरकलेला दिसतो, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू, पुढचे सहा-सात महिने माझं तेच मत होतं.

मी तेव्हा देवासच्या एका आर्किटेक्टच्या ऑफिसात कामाला होते. नानासाहेब सरकारी बांधकामात ओव्हरसियर म्हणून जन्म काढून निवृत्त झालेले. राहायचे धारला. सोमवारी सकाळच्या बसने यायचे, तीन दिवस भाचीकडे मुक्काम करायचे आणि गुरुवारी परत जायचे. आमच्या साहेबांनी त्यांना ठेवून घेतलं होतं ते एकाच गोष्टीसाठी. कुठल्याही नकाशावर हा माणूस सांगू शकायचा की इथे चोरी होईल, इथे बाईमाणसाला भीती वाटेल, आणि इथे काही होणार नाही. ते काय जादूने सांगतात, असं मी विचारलं तर म्हणाले, "जादू कसली. मी फक्त तिथे जाऊन बसतो."

बसतो म्हणजे खरोखर बसायचे. जिन्याखाली, पार्किंगच्या कोपऱ्यात, संडासाच्या मागच्या बोळात. बसून चारी बाजूंना पाहायचे आणि मोजायचे की इथून किती खिडक्या दिसतात. इमारत अजून कागदावरच असेल तर खिशातून एक बी काढायचे. मांडूकडे मिळणाऱ्या मांडवच्या इमलीचं, म्हणजे गोरखचिंचेचं, करड्या रंगाचं, हाताळून गुळगुळीत झालेलं. ते नकाशावर ठेवायचे आणि म्हणायचे, "ही मुलगी. संध्याकाळी कामावरून आली आहे. आता सांगा, हिला कोण बघतंय?" मग एकेका खिडकीपासून बियापर्यंत पट्टी लावायची. मध्ये भिंत आली की ती खिडकी बाद. तीनपेक्षा कमी खिडक्या भरल्या तर नकाशा परत. माझे नकाशे इतक्या वेळा परत आले की मला ते बी उचलून रस्त्यावर फेकावंसं वाटायचं.

उंच भिंतीचा त्यांना तिटकारा होता. कन्नौदच्या एका धान्यवाल्या शेठजींना गोदामाभोवती दहा फुटी भिंत हवी होती, वर काचा लावून. नानासाहेबांनी भिंत कमरेइतकी केली, झाडी छाटायला लावली आणि फाटकाशी हमालांना बसायला सावलीत एक लांब ओटा काढून दिला. शेठजी चिडले. "नाना भिया, चोर के लिए कुर्सी लगवा रिये हो क्या?"

नानासाहेब शांतपणे म्हणाले, "चोर बैठता नहीं, सेठ. जो बैठता है वो गवाह होता है."

शेठजींना ते इतकं पटलं की पुढे ते वाक्य स्वतःचं म्हणून लोकांना ऐकवायचे. कॅमेऱ्यांवरही नानासाहेबांचा फारसा भरवसा नव्हता. लावा म्हणायचे, पण खांबावरचा डोळा धावत येत नाही. त्यापेक्षा कोपऱ्यावर चहाची गाडी उभी राहू द्या. मी एकदा म्हटलं, मग चौकीदार ठेवू. तर म्हणाले, "ठेवा. पण बाई, चौकीदार पगारावर बघतो. भाजी निवडणारी बाई उगाच बघते. तिचं बघणं जास्त चांगलं."

एक गोष्ट मात्र मला खटकायची. दुपारी तीन वाजले की हा माणूस गप्प व्हायचा. काम चालू असायचं, पट्टी फिरत असायची, पण चार वाजेपर्यंत तोंडातून शब्द नाही. आणि बंद खोलीत बसायचे नाहीत. वैशाखात लू सुटलेली, ऑफिसात कूलर लावलेला, तरी ह्यांच्या टेबलाशेजारची खिडकी उघडीच. आम्ही कुरकुर करायचो. ते ऐकून घ्यायचे, खिडकी लावायचे नाहीत. कुठे दार आपटलं, कोणी खिळा ठोकला, की पेन्सिल खाली ठेवून उठून उभे राहायचे. खिळाच आहे हे कळलं की परत बसायचे. मी त्यांच्या मागे त्याची नक्कल करून दाखवायचे. आज ते आठवलं की लाज वाटते.

मग होस्टेलचं काम आलं. देवासच्या कारखान्यांत काम करणाऱ्या मुलींसाठी, टेकरीच्या बाजूला, चाळीस खोल्यांचं. जागा आणि पैसा एका जुन्या घराण्यातल्या बाईंचा. सगळे त्यांना काकीसाहेब म्हणायचे. मनाने फार मोठ्या, मुलींची खरी काळजी करणाऱ्या, पण आमच्याकडच्या जुन्या मराठा घरांतली पडद्याची सवय काही पूर्ण गेलेली नव्हती. होस्टेलच्या मागच्या अंगणात मुली कपडे वाळत घालणार, केस विंचरणार, आणि त्या अंगणावर शेजारच्या पाच घरांच्या खिडक्या उघडत होत्या. काकीसाहेब मला म्हणाल्या, "त्या खिडक्या बुजवून घ्या. शेजारी चांगले आहेत, आपला मान ठेवतील. खर्च आम्ही देऊ."

मला ते अगदी योग्य वाटलं. पोरी बिचाऱ्या मोकळेपणाने वावरतील. नानासाहेब त्या आठवड्यात धारलाच होते, ताप आला होता. मी पाच घरांसाठी पाच पत्रं लिहिली. माझी मराठी देवासची, शाळा हिंदीतून झालेली, म्हणून पत्रं आईकडून तपासून घेतली. छान अदबीची पत्रं झाली होती. घरोघर स्वतः जाऊन दिली, सगळ्यांनी चहा पाजला, आणि दोन घरांनी तर लगेच होकार दिला. एकाकडे आमचा कैलास मिस्त्री विटा घेऊन पोचलाही.

सोमवारी नानासाहेब आले. मी मोठ्या अभिमानाने पत्राची प्रत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती वाचली. पुन्हा वाचली. ते उठले, कैलासला फोन लावला आणि म्हणाले, "कैलास, एक भी ईंट रखी हो तो निकाल दे. अभी." मग माझ्याकडे वळले. मला वाटलं आता रागावतील. रागावले असते तर बरं झालं असतं.

"बाई, उद्या माझ्याबरोबर धारला याल का? ऑफिसात मी सांगतो. आपल्याला तिथे तीनच्या आधी पोचायचं आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळीच आम्ही बस धरली. धारला उतरून आम्ही मुलींच्या एका शाळेमागच्या गल्लीत गेलो. सव्वादोन वाजले होते, ऊन रखरखत होतं. गल्ली अरुंद. एका बाजूला शाळेची पाठ, म्हणजे सबंध कोरी भिंत. दुसऱ्या बाजूला सात घरं ओळीने, त्यांच्या मागच्या भिंती. सहा घरांना गल्लीकडे खिडक्या होत्या. कोणाच्या खिडकीत तुळशीची कुंडी, कोणाच्या खिडकीत वाळत टाकलेला टॉवेल. तिसऱ्या घराला चौकट होती, पण आत विटा. वरून चुना मारलेला.

"हे माझं घर," नानासाहेब म्हणाले.

तिथेच उभं राहून त्यांनी मला सांगितलं. मध्ये थांबले नाहीत, माझ्याकडे पाहिलंही नाही. ते सव्वीस वर्षांचे होते, नुकतेच नोकरीला लागलेले. गल्लीतली सातही घरं आपलीच, जुन्या दरबाराशी लागेबांधे असलेली. शाळेतल्या मुली ह्या गल्लीतून ये-जा करायच्या आणि गल्लीतली मुलं खिडक्यांत उभी राहायची. वडीलधाऱ्यांना ते शोभेना. एक बैठक झाली. परक्या मुलींवर आपल्या घरातून नजर जाता कामा नये, असं ठरलं. खिडक्या बुजवायच्या. घरात ओव्हरसियर असताना बाहेरचा माणूस कशाला? नानासाहेबांनी सातही घरांचं काम उभं राहून करून घेतलं. शाळेने त्यांना शाल-नारळ दिला. स्वतःच्या घराची खिडकी त्यांनी स्वतःच्या हाताने बुजवली. शेवटची वीट बसली तेव्हा पक्की बसली का पाहायला बाहेरून तीन वेळा वाजवलं आणि हाक मारली, "आईसाहेब, ऐकू येतं का?" आतून आई हसून म्हणाली, "हो रे, आलं ऐकू." मग ती त्यांची सवयच झाली. कामावरून परतताना गल्लीतून यायचं, विटांवर तीन वेळा टकटक करायची. आई आतून म्हणायची, "आलं ऐकू," आणि चहा टाकायची.

"सुमन नावाची मुलगी होती," ते म्हणाले. "दहावीतली. दोन गल्ल्या सोडून घर. जादा तास संपवून एकटी निघाली. तीन वाजून गेले होते. कोणीतरी तिला इथे गाठलं. इथेच, आपण उभे आहोत तिथे. भरदुपारी, सात घरांत माणसं असताना. कोणी काही पाहिलं नाही. पाहणार कुठून? पोर वाचली नाही. कोण होता ते शेवटपर्यंत कळलं नाही."

मी म्हटलं, "ह्यात तुमचा काय दोष, नानासाहेब? सगळ्यांनीच ठरवलं होतं."

ते म्हणाले, "ऐका तर. संध्याकाळी मी घरी आलो. पोलीस येऊन विचारून गेले होते, आईने काही पाहिलं नाही म्हणून सांगितलं होतं. मला बघून म्हणाली, का रे, दुपारी खिडकी वाजवून गेलास आणि चहाला आला नाहीस? मी दोनदा म्हटलं, आलं ऐकू, आलं ऐकू. टाकलेला चहा गार झाला." नानासाहेबांनी बोटं दुमडून भिंतीजवळ नेली, पण वाजवलं नाही. "बाई, मी त्या दिवशी धामनोदला होतो. सकाळपासून."

गल्लीत वारा नव्हता. मला ती मुलगी दिसली. ती विटांवर हात आपटते आहे, आतून एक बाई मायेने सांगते आहे की ऐकू आलं, आणि कोणीही येत नाही.

आईसाहेबांना त्यांनी तेव्हाच खरं सांगितलं होतं. सांगायला नको होतं, असं ते म्हणाले. त्यानंतर त्या अकरा वर्षं जगल्या. रोज तीन वाजता त्या भिंतीशी जाऊन बसायच्या आणि मध्येच म्हणायच्या, "आले, आले." उठायच्या, चार पावलं चालायच्या आणि भिंतीपुढे उभ्या राहायच्या. नानासाहेबांनी खिडकी फोडायची म्हटली की त्या हात धरायच्या. "नको रे. ती बाहेर उभी असेल तर मी तिला काय सांगू?"

बाकीच्या सहा घरांच्या खिडक्या नानासाहेबांनी एकेक करून उघडवल्या. त्याला पुष्कळ वर्षं लागली, कारण त्या का उघडायच्या ते त्यांना नीट सांगता येत नव्हतं. स्वतःची मात्र राहिली. आई होती तोवर आईने उघडू दिली नाही. आई गेल्यावर त्यांचाच हात पुढे होईना. "सुमनचे वडील रोज सकाळी भेटायचे," ते म्हणाले. "राम राम करायचे. त्यांना मी सांगितलं नाही. आईखेरीज कोणालाच नाही. हे फक्त तुम्हाला सांगतोय, आणि तेही त्या पाच पत्रांमुळे."

तेवढ्यात शाळा सुटली. मुली गल्लीतून निघाल्या, दोघी-तिघी, हसत, दप्तरं सावरत. आम्ही भिंतीला लागून उभे होतो. एक म्हातारा आणि एक बाई भरउन्हात काय करताहेत म्हणून त्या वळून वळून बघत होत्या. नानासाहेब शेवटची मुलगी गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत हलले नाहीत. मग घड्याळ बघून म्हणाले, "चला. चहा घेऊ."

देवासला परत आल्यावर मी त्या पाचही घरांत पुन्हा गेले. नानासाहेब सोबत होते. पत्र मागे घ्यायला जाणं हे पत्र द्यायला जाण्यापेक्षा फार अवघड असतं. लोक विचारायचे, "अहो, गेल्या आठवड्यात तर तुम्हीच..." मी म्हणायचे, "चुकलं माझं." काकीसाहेब नाराज झाल्या. मुलींवर कोणाची नजर पडली तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं.

"नजर पडू द्या, काकीसाहेब," नानासाहेब म्हणाले. "ओळखीची पडू द्या म्हणजे झालं."

कपडे वाळवायला त्यांनी गच्चीवर आडोसा करून दिला. अंगण उघडंच ठेवलं. आणि एक युक्ती केली, जी कुठल्याही नकाशात नव्हती. पहिल्याच संक्रांतीला त्यांनी काकीसाहेबांना होस्टेलवर हळदीकुंकू करायला लावलं, आणि मुलींना तिळगूळ घेऊन त्या पाच घरांत पाठवलं. झारखंडची, केरळची, जवळच्या पीपलरावां गावची, कुठली कुठली मुलगी. ज्या घरात गेली तिथे नाव सांगून आली. त्या दिवसापासून मागच्या अंगणात कोणी रडत असेल, कोणी फार वेळ एकटी बसली असेल, तर वरून हाक यायची, "कौन, सरिता? क्या हुआ बेटा?" आणि हाकेमागून जिन्यावर पावलं वाजायची. काकीसाहेबांनी पुढे स्वतःच तिथे दोन बाकं टाकली.

नानासाहेब त्यानंतर दोन वर्षं ऑफिसात येत होते. पुढे श्वासाचा त्रास वाढला, बस झेपेना. मी फोन करायचे. विचारायचे, "खिडकीचं काय?" ते म्हणायचे, "करू." शेवटच्या महिन्यात मी जरा चिडूनच म्हटलं, "नानासाहेब, सगळ्या माळव्याच्या खिडक्या उघडल्यात, आता आपली उघडा." ते म्हणाले, "बाई, मी आईसाहेबांसारखाच आहे. ती बाहेर उभी असेल तर?" हे त्यांनी अगदी साध्या सुरात म्हटलं.

मार्गशीर्षात ते गेले. तेराव्याला भाचीने माझ्या हातात एक गुंडाळी दिली. त्यांच्या टेबलावर माझं नाव लिहून ठेवलेली होती. उघडली तर एका खिडकीचा पूर्ण नकाशा, पेन्सिलीने काढलेला. रुंदी, उंची, चौकटीचं लाकूड, गजांमधलं अंतर, सगळं मापासकट. गल्लीच्या जमिनीपासून खिडकीचा तळ किती उंच ठेवायचा ते दोनदा अधोरेखित केलं होतं आणि शेजारी लिहिलं होतं, 'दहावीतल्या मुलीचा हात सहज पोचावा.' गल्लीच्या मधोमध इमलीचं बी चिकटपट्टीने लावलेलं. खाली त्यांच्या सुवाच्य अक्षरात एकच ओळ होती, 'हे माझ्याने होत नाही. तुम्ही करा.' मी तिथेच, सगळ्यांसमोर रडले.

पुढच्याच आठवड्यात कैलासला घेऊन धारला गेले. विटा पक्क्या बसवल्या होत्या, सुटायला वेळ लागला. पहिली वीट निघाली तेव्हा त्या खोलीत किती वर्षांनी उजेड आला कोण जाणे, आतली जमीन एका जागी झिजून खड्डा पडल्यासारखी झाली होती. ती आईसाहेबांची बसायची जागा. कैलासने तिच्यावर ओली माती टाकायला घमेलं उचललं. मी नको म्हटलं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चौकट बसली, गज बसले. कैलास जेवायला गेला. मी त्या जागेच्या शेजारी स्टूल घेऊन बसले होते, थकलेली, पाठ खिडकीकडे.

आणि लाकडावर टकटक झाली. तीन वेळा.

तीन वाजून गेले होते. मला मागे वळून बघायची भीती वाटत होती, खरंच वाटत होती. तोंडात शब्द तयार होता. आलं. एवढं म्हटलं असतं की मला उठावं लागलं नसतं. मी तो शब्द गिळला, स्टुलाला धरून उठले आणि वळले.

गजांपाशी शाळेच्या गणवेशातली एक मुलगी उभी होती. खेळून लाल झालेली, रिकामी बाटली हातात. "आंटी, पानी मिलेगा?"

मी तिची बाटली भरून दिली. तिने तिथेच उभं राहून अर्धी संपवली, पुन्हा भरून घेतली आणि निघाली. ती गल्लीच्या तोंडाशी वळेपर्यंत मी खिडकीत उभी राहिले.